उतारूचा उतारा

चोपड्यास आगगाडी नाही. उत्तरेस सातपुड्याची रांग, दक्षिणेस तापीचे रुंद पात्र आणि त्या पात्रापलीकडे अमळनेर, धरणगाव व जळगाव ही स्टेशने, अशी आमच्या गावाची बैठक असल्यामुळे, मुंबईस निघालेला चोपडेकर गाडीत पाय ठेवीपर्यंतच अर्धा थकलेला असे. आणि म्हणूनच की काय, निघण्यापूर्वी चार दिवस घरोघरच्या ओट्यांवर जी खलबते चालत, त्यांत भाड्याचा किंवा फराळाचा प्रश्न एकदा निघून मिटत असे, पण एक प्रश्न मात्र पुन्हा पुन्हा निघे: उतारा कोठे करायचा? हा शब्द आता त्या अर्थाने मागे पडला. विषावरचा उतारा राहिला, पुस्तकातला राहिला, तलाठ्याकडचा सात-बाराचा उतारा तर कोणालाच चुकला नाही. परंतु परगावी गेलेल्या माणसाने जेथे वळकटी सोडावी ती जागा, हा त्याचा जुना अर्थ सांगितल्यावाचून नव्या पिढीस कळत नाही. मला त्याच अर्थाचा मागोवा घ्यावयाचा आहे, आणि त्याचा आरंभ सुदैवाने आमच्याच वेशीबाहेर होतो.

१६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाचा वकील सर टॉमस रो हा सुरतेहून निघून जहांगीर बादशहाच्या भेटीस चालला होता. वाटेत बऱ्हाणपुरास शाहजादा परवेझ याची मुलाखत घ्यावयाची असल्यामुळे नंदुरबार, थाळनेर करीत तो चोपड्यास पोहोचला आणि गावाबाहेर मोकळ्यावर त्याने आपले तंबू ठोकले. त्या काळचा चोपडा हा नांदता कसबा होता. 'ऐन-इ-अकबरी'त अबुल फजलने त्याची मोठे गाव म्हणून नोंद केली असून, तापी व गिरणा यांच्या संगमावरील रामेश्वराच्या दर्शनास दूरदूरचे यात्रेकरू येतात असेही त्याने लिहून ठेवले आहे; तेव्हा परक्या माणसांची ये-जा गावास नवी नव्हती. बादशाही अंमलदार त्याच्याकडे आले आणि म्हणाले, की डोंगरात दोनशे चोर आहेत, रात्र बाहेर काढणे धोक्याचे, आपण गावात यावे. रोने साफ नाकारले. यावर अंमलदारांनी जे मागितले ते मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे: बाहेरच राहावयाचे असेल तर आम्ही सावध केले होते असे आपल्या सहीनिशी लिहून द्या, म्हणजे उद्या बरेवाईट झाल्यास बादशहापुढे आमच्यावर बोल येणार नाही. रो जागचा हलला नाही. धोका एवढा असेल तर पहारा वाढवा, असे त्याने उलट सांगितले. आणि अखेरीस गावचा हाकीम स्वतः घोडेस्वार व बंदूकवाले घेऊन बाहेर आला व ती रात्र त्या सर्वांनी परक्याच्या तंबूभोवती जागून काढली.

उतारा निवडण्याचे सारे शास्त्र या एका रात्रीत सामावलेले आहे. जागा कशी, आसपासची वस्ती कशी, रात्री भय आहे की नाही, आणि काही घडलेच तर जाब कोणी द्यावयाचा, या चार गोष्टींपलीकडे आजच्या उतारूलाही पाचवी विचारावयाची राहत नाही. रो याच्याजवळ मात्र एक गोष्ट अशी होती की जी सामान्य वाटसरूजवळ कधीच नसते, ती म्हणजे त्याच्या पाठीशी असलेले एका राजाचे नाव.

पुढे अडावद, यावल, रावेर असे मुक्काम करीत तो बऱ्हाणपुरास गेला आणि तेथे कोतवालाने त्याच्यासाठी नेमून दिलेल्या चार खोल्या पाहून संतापला. भिंतीच्या कडेला विटांनी बांधलेल्या, वरून गोल, एखाद्या भट्टीएवढ्याच त्या खोल्या होत्या, असे त्याने रोजनिशीत नमूद केले आहे. तो आपल्या तंबूंतच निजला. दुसऱ्या दिवशी कोतवालाने सांगितले की गावात याहून चांगली जागा नाही, आणि रोने स्वतः चौकशी करून पाहिली तेव्हा ते खरे निघाले. शाहजादा, खानखानान असे दोन-चार मातबर सोडले तर अवघे शहर मातीच्या घरांचे होते. सुरतेपासून येथवर माणसाने विसावा घ्यावा असे एक घर नाही, ही त्याची तक्रार खानदेशाच्या अभिमान्यास बोचेल. पण तीत द्वेष नाही, वस्तुस्थिती आहे. खानखानान अब्दुर्रहीम याच्या अमदानीत बऱ्हाणपुरास जी अकबरी सराई उभी राहिली तिची कमान आणि ओळीने असलेल्या खोल्या पाहिल्या, म्हणजे ही उणीव तेथील सत्ताधाऱ्यांसही जाणवली असली पाहिजे असे वाटते.

सराई ही राजाची, धर्मशाळा ही पुण्यवंताची. अहल्याबाई होळकरांनी तीर्थोतीर्थी बांधलेल्या धर्मशाळांनी मराठी मुलखास दुसऱ्या प्रकाराची सवय लावली, आणि सावकार, पाटील, व्यापारी यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे तो कित्ता गिरवला. या दोहोंत पैसा हा विषय नसे. पैसे घेऊन रात्रीपुरती जागा देणारा माणूस आपल्या समाजास फार दिवस संशयास्पदच वाटत राहिला, आणि इंग्रज सरकारासही तो तसाच वाटला असावा. कारण १८६७ मध्ये झालेला सराईंचा कायदा वाचताना कायदेकाराच्या डोळ्यांपुढे चोर सतत उभा असल्याचे जाणवते. सराई नोंदवावी, खोल्या व मोऱ्या स्वच्छ ठेवाव्या, पहारेकरी नेमावा, साथीचा रोगी आढळल्यास वर्दी द्यावी, हे तर झालेच. परंतु ज्या झाडांच्या फांद्यांवरून चोरास आत उतरता येईल त्या फांद्याही सराईवाल्याने तोडाव्या, असे त्या कायद्यात कलम आहे. त्याच कलमांत एक साधा हुकूम आहे, की आकाराचे दरपत्रक सर्वांस दिसेल अशा जागी, मॅजिस्ट्रेट सांगेल त्या भाषेत, टांगावे. मला तो चोरांविषयीच्या कलमापेक्षा अधिक मोलाचा वाटतो. भिंतीवर दर लिहिला गेला म्हणजे निदान तत्त्वतः तरी तो दर देणारा कोण, हा प्रश्न उरत नाही. प्रत्यक्षात तो पुढे पाऊणशेहून अधिक वर्षे उरला, ते सांगणारच आहे.

थळ घाटातून आगगाडीची वाट १८६५ मध्ये खुली झाली. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ताप्ती व्हॅली रेल्वेने अमळनेर सुरतेशी जोडले. आणि खानदेशच्या कापसाबरोबर खानदेशचा माणूसही मुंबईस जाऊ लागला. येथे ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की त्या माणसाने घर कधी निवडले नाही, त्याने निवडला तो भाग. आणि तो भागही त्याच्या कामाने आधीच ठरवून टाकलेला असे. कापसाचा किंवा कापडाचा व्यापारी काळबादेवी-भुलेश्वर सोडून कोठे जात नसे, कारण मुळजी जेठा मार्केट तेथून हाकेच्या अंतरावर. (त्या जेठा घराण्याचा आमच्या जिल्ह्याशी ऋणानुबंध एवढा, की जळगावच्या महाविद्यालयास त्यांचे नाव आहे.) त्याचा आडत्या त्याला आपल्या पेढीवरच उतरवून घेई, दिवसा ज्या गादीवर सौदे होत तिच्यावरच रात्री खोळ बदलून अंथरूण पडे, आणि सकाळी पहिला सौदा होण्यापूर्वी ते गुंडाळलेले असे. पाहुणचार आणि धंदा यांतील सीमारेषा कोणास दिसू नये इतका तो व्यवहार जुना होता. ज्याला पेढी नसे तो माधवबागेत किंवा हिराबागेत जाई. धर्मशाळेचा रिवाज ठरलेला: तीन दिवसांची मुदत, दिवाणजीपुढे नाव, गाव, जात सांगणे, भांडी व चटई मोजून घेणे आणि मोजून परत करणे.

कोर्टकचेरीचा माणूस गिरगावात उतरे. हायकोर्ट पायी गाठता येई, खानावळीत आपल्या चवीचे जेवण मिळे, आणि शेजारी मराठी ऐकू येई, हे तिसरे कारण पहिल्या दोहोंहून लहान समजू नये. क्रॉफर्ड मार्केटाजवळच्या सरदारगृहाचे नाव तर खानदेशात खेड्यापाड्यांतही ठाऊक होते, कारण १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांनी तेथे देह ठेवला. हॉटेलाच्या खोलीत एवढा मोठा माणूस जातो, ही गोष्ट आमच्या आजोबांच्या पिढीस दुःखाइतकीच आश्चर्याची वाटली होती. परळचा उतारा सर्वांत अनिच्छेने केला जाई. तेथे १९२६ मध्ये के.ई.एम. आणि १९४१ मध्ये टाटा ही रुग्णालये उघडली, आणि 'परळला गेलेत' एवढे म्हटले की ओट्यावरची बोलणी थांबत. दादर पुढे आले ते सर्वांच्या मागून, पण आले ते सर्वांना मागे टाकून: दोन्ही रेल्वेंची स्टेशने एकमेकांस लागून, परळ जवळ, मामा काण्यांच्या उपाहारगृहासारखी घरगुती ठिकाणे पायाशी, आणि भुसावळकडून येणारी गाडी पहाटे तेथेच उतरवून देणारी.

आमचे वडील, ज्यांना घरात आम्ही आप्पा म्हणत असू, चोपड्यातील एका वकिलांचे कारकून होते आणि दुय्यम अपिलांचे कागद घेऊन त्यांना वर्षातून तीन-चारदा मुंबईस जावे लागे. त्यांची एक लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही माझ्याजवळ आहे. तीत एका बाजूने खर्च आहे व दुसऱ्या बाजूने, वही उलटी करून, उतारे आहेत. अक्षर सुरुवातीस मोडी, मागाहून बाळबोध. प्रत्येक नोंदीत पेठ किंवा वाडी आधी येते, घर नंतर, दर सर्वांत शेवटी. आणि घर व दर यांच्या मध्ये ज्या बारीकसारीक गोष्टी त्यांनी टिपल्या आहेत, त्यांवरून तो सबंध काळ डोळ्यांपुढे उभा राहतो. 'पाणी पहाटे चार ते सहा, नंतर नाही.' 'जिना अंधारा, चौथी पायरी मोडकी.' 'ढेकूण आहेत. कॉट उन्हात टाकून देण्यास सांगावे, देतात.' 'खिडकी गल्लीवर, रात्री बारापर्यंत गलका, पण एकटे वाटत नाही.' एका ठिकाणी नुसते 'कुलूप आपले न्यावे' असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत. त्याच मुक्कामात त्यांचा छत्रीसकट कोट गेला होता, हे आम्हांला आईकडून कळले, वहीत त्याचा उच्चार नाही. या नोंदी त्यांनी स्वतःपुरत्या केल्या नव्हत्या. गावातून कोणीही मुंबईस निघाला की वहीसाठी निरोप येई, आणि आप्पा ती देत नसत, समोर बसवून वाचून दाखवीत, आणि माणसाचे काम, वय व खिसा पाहून त्यांतल्या दोन जागांवर बोट ठेवीत.

परंतु त्या वहीत जे नाही ते मला फार उशिरा दिसले. तिच्यातील पहिल्या वीस-पंचवीस पानांतील कोणतीही जागा गावातील प्रत्येकास मिळाली असती असे नव्हे, आणि ज्यांना ती मिळाली नसती ते वही वाचून घ्यायला आमच्या ओट्यावर आलेही नव्हते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेकौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव पास झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या किंवा चालविलेल्या पाणवठ्यांबरोबर, शाळा, कोर्टे, दवाखाने यांबरोबर, धर्मशाळाही अस्पृश्य मानलेल्या वर्गास खुल्या कराव्या, असे त्या ठरावाचे शब्द होते. महाडच्या तळ्यामुळे तो ठराव पाण्यासाठीच लक्षात राहिला. धर्मशाळा हा शब्द त्यात होता याचा आपणास विसर पडला. डॉ. आंबेडकरांस मात्र त्याची किंमत अंगावर सोसून ठाऊक होती. १९१७ मध्ये परदेशातील उच्च विद्या घेऊन बडोद्यास नोकरीवर रुजू होताना त्यांना हिंदू हॉटेलात थारा नव्हता. पारशी पथिकाश्रमात पारशी नाव सांगून त्यांनी थोडे दिवस काढले आणि लाठ्या घेतलेल्या जमावाने तेथूनही त्यांना बाहेर काढले.

आणि दुसरा प्रसंग तर आमच्या खानदेशातला. १९२९ मध्ये सरकारी समितीचे सभासद म्हणून अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करीत असता ते धुळे लाइनवरील एका गावचा बहिष्कार पाहून चाळीसगावास परतले. रात्री आमच्या वस्तीत उतरावे, असा तेथील लोकांचा आग्रह होता. महारवाडा स्टेशनापासून दोनेक मैलांवर, मध्ये नदी. स्टेशनाबाहेर टांगे उभे होते, तरी त्यांना तासभर तिष्ठत बसावे लागले, कारण एकही टांगेवाला त्यांना घेऊन हाकावयास तयार नव्हता. अखेर तडजोड अशी निघाली की टांगा भाड्याने मिळेल, टांगेवाला मिळणार नाही. पाहुण्यास पायी नेणे शोभणार नाही, म्हणून त्या लोकांतल्याच एकाने, ज्याने टांगा कधी हाकला नव्हता, लगाम हाती घेतले. पुलावर चाक दगडात अडकले, टांगा आणि घोडा नदीत गेले आणि बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले जाऊन त्यांचा पाय मोडला. यजमानांनी उताऱ्याचा मान राखण्यासाठी जे केले आणि गावाने जे केले, ते दोन्ही मी खानदेशी म्हणून एकाच वेळी वाचतो, आणि मला ते वाक्य पुरे करता येत नाही. पुढे १९३७ च्या जुलै अखेरीस ते धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले होते. त्या मुक्कामाची आठवण म्हणून दर ३१ जुलैस तेथे हजारो लोक जमतात. एखाद्या सरकारी विश्रामगृहात घालवलेल्या दोन-तीन दिवसांची यात्रा व्हावी, याचे कारण ज्याला चाळीसगावचा टांगा ठाऊक आहे त्याला निराळे सांगावे लागत नाही.

राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांची नावे घेऊन जातीची आडकाठी मोडून काढली गेली. त्याआधी तीन वर्षे, १९४७ मध्ये, मुंबई सरकारने भाडे, हॉटेल व लॉजिंग हाऊस दर नियंत्रणाचा कायदा करून खोलीचा व कॉटचा वाजवी दर ठरविण्याचा अधिकार नियंत्रकास दिला होता. लढाईनंतरच्या टंचाईत हा कायदा जन्मला, त्याचा हेतू नफेबाजी रोखण्याचा. परंतु भिंतीवरचा दर सर्वांना सारखा, हे जे १८६७ च्या कायद्यात नुसते कागदावर होते, त्याला या दोन गोष्टींनी मिळून हाडामांसाचे केले, असे मला वाटते. याच काळात लॉज हा शब्द आमच्याकडे रूढ झाला. जुनी माणसे तो नाक मुरडून उच्चारीत. लॉजमध्ये पुण्य नव्हते, ओळख नव्हती, पेढीवरचा चहा नव्हता, धर्मशाळेतले पिंपळाचे पार नव्हते. लाकडी फळीने दुभागलेल्या खोल्या, पितळी बिल्ल्याची किल्ली, गल्ल्यावर जाडजूड रजिस्टर आणि चोवीस तासांचा हिशेब, एवढेच होते.

गाडगे महाराजांचे काम मात्र लॉज आणि जुनी धर्मशाळा या दोन्हींहून वेगळे, आणि त्याविषयी घाईने लिहिणे मला जमणार नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतः मात्र त्यांच्या छपराखाली राहिले नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. १९५६ च्या डिसेंबरात ते गेले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या दादरच्या धर्मशाळेत आजही टाटा रुग्णालयातील रोगी व त्यांची माणसे राहतात. सातपुड्याच्या पायथ्याची, कागदांची पिशवी छातीशी धरलेली माणसे मी तेथे पाहिली आहेत. काम मंत्रालयाचे असेल, तर चोपडेकर गेली कित्येक वर्षे आमदारांची चिठ्ठी घेऊन आमदार निवासात पथारी टाकतो. कुलाब्याचे मॅजेस्टिक हे एके काळचे श्रीमंती हॉटेल. तेच पुढे आमदार निवास झाले, आणि तालुक्याच्या गावचा माणूस त्याच्या संगमरवरी जिन्यावर आपली वळकटी घेऊन चढला.

आप्पांच्या वहीतील शेवटून तिसरी नोंद १९५३ च्या श्रावणातील आहे. वतनाच्या जमिनीवरून हायकोर्टापर्यंत गेलेला एक महार अशील त्या खेपेस त्यांच्याबरोबर होता. वकिलांनी दोघांना एकत्र पाठविले होते, कारण तारखेस पक्षकाराची सही लागण्याचा संभव होता. आप्पा त्याला घेऊन आपल्या नेहमीच्या दोन जागी गेले. पहिल्या ठिकाणी जागा नसल्याचे सांगण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी दिवाणजीने आप्पांना बाजूस घेऊन, तुम्ही एकटे या, असे सांगितले. बारा वर्षे ज्याला ते नावाने ओळखत होते तो हा दिवाणजी. पाऊस कोसळत होता, कागदांचे दप्तर मेणकापडात गुंडाळलेले, आणि अशील वारंवार म्हणत होता की दादा, तुम्ही राहा, मी स्टेशनवर निजतो. आप्पा तेथून निघाले ते ट्रामने दादरला आले, आणि पूर्वी कधीही न पाहिलेल्या एका लॉजचा जिना ते चढले. ती नोंद इतर नोंदींसारखीच आहे, फक्त तीत पाण्याची वेळ नाही, ढेकणांचा उल्लेख नाही आणि दरही नाही: 'दादर, स्टेशनच्या पूर्वेस. दोन कॉट. नाव विचारले, गाव विचारले, पुढे काही विचारले नाही.'

त्यानंतरच्या दोन्ही नोंदींत, एकटे गेले असतानाही, आप्पांनी उतारा तेथेच केलेला आहे.